समुद्र नाही, तलाव: वऱ्हाडातून झाडीपट्टीत चार दिवस, जेवण शोधत

लेकीला समुद्र पाहायचा होता. तिची मैत्रीण दिवाळीत मालवणला जाऊन आली आणि वाळूत बसून खाल्लेल्या सुरमईचं असं वर्णन केलं, की आमच्या घरी आठ दिवस दुसरा विषय नव्हता. पण चांदूरबाजारहून मालवण म्हणजे महाराष्ट्राचं हे टोक ते ते टोक. संत्र्याचा बगीचा नुकताच उतरला होता, कपाशीचा दुसरा वेचा आठवड्यावर आलेला, हाताशी चारच दिवस. नवरा म्हणाला, "पाणीच पाहायचं अन् मासेच खायचे ना? मग आपल्याच विदर्भात तलावांचा मुलूख आहे, झाडीपट्टी. भंडारा-गोंदियाकडे जाऊ."

सासूबाई लगेच तयार झाल्या. त्या माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, कांदा-लसणाचंसुद्धा मोजूनमापून. आम्ही तिघं मासे खाणारे. त्यामुळे या प्रवासात जेवण दोन शोधायचं होतं: एक तलावातलं आणि एक आईंचं. त्यात मधला दिवस कार्तिक वद्य एकादशीचा. निघताना मला आईंच्या जेवणाचीच जास्त काळजी होती.

पहिला दिवस: आंभोरा आणि एक चुकलेलं जेवण

पहाटे निघालो. नागपूरच्या अलीकडे रस्त्यावरच्या टपरीवर तर्री पोहे खाल्ले. हे आमच्या सवयीचंच, त्यामुळे जास्त लिहीत नाही. एवढंच सांगते, की पोह्यांचं खरं दुकान सकाळी नऊपर्यंतच. दहानंतर परातीच्या तळाचे कोरडे पोहे मिळतात आणि तर्रीत पाणी वाढलेलं असतं.

नागपूरहून कुहीमार्गे आंभोऱ्याला गेलो. वैनगंगा, कन्हान, आम, मुरझा आणि कोलारी अशा पाच नद्यांचा संगम इथे आहे. गोसीखुर्द धरणाचं पाणी इथपर्यंत पसरलंय, म्हणून संगम आता एखाद्या सरोवरासारखा दिसतो. 2024 मध्ये सुरू झालेला तारांचा पूल त्यावरून पलीकडे भंडारा जिल्ह्यात उतरतो. लेक पुलावर उभी राहिली आणि बराच वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "पलीकडचं दिसतंय, पण पाणी खूपच आहे." टेकडीवर चैतन्येश्वराचं देऊळ आहे. आईंनी तिथे पाच मिनिटं म्हणून बसून पाऊण तास काढला.

खाण्याचं म्हणाल, तर खाली चहा, भजी आणि नूडल्स मिळतात. पण आम्ही एक गोष्ट पाहिली. आलेल्यांतली निम्मी माणसं झाडाखाली स्वतःच रांधत होती. गोवऱ्यांच्या आरात रोडगे, शेजारी वांग्याची भाजी, पत्रावळी. उमरेडकडचं एक कुटुंब होतं. त्यांच्यातल्या आजींनी आईंच्या गळ्यातली माळ पाहिली आणि न विचारताच म्हणाल्या, "भाजीत लसन नाही टाकला जी, या बसा." आईंनी अर्धा रोडगा तुपात बुडवून खाल्ला. आम्ही मात्र "पुढे जेवू" म्हणून नको म्हटलं. तिथेच चुकलं.

पुढे भंडाऱ्यानंतर मोठ्या रस्त्यावर एका चकचकीत हॉटेलात शिरलो. मेनूकार्डाची पानं उलटता उलटत नव्हती. लेकीनं त्यात 'सुरमई फ्राय' वाचलं आणि हट्ट धरला. मी नाही म्हणायला हवं होतं. इथून समुद्र शेकडो कोस लांब, ती सुरमई किती दिवस बर्फात होती कोण जाणे. आलेला तुकडा बाहेरून करपलेला आणि आतून भुसा. लेकीनं एक घास खाऊन ताट सरकवलं. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. साडेसातशे रुपयांचं बिल झालं त्याचं मला तितकं वाटलं नाही, पण तिचा चेहरा पाहवत नव्हता. त्या टेबलावरच ठरवलं: इथल्या पाण्यात जे आहे तेच मागायचं आणि इथली माणसं जिथे खातात तिथेच बसायचं.

साकोलीवरून नवेगावबांधला पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाचा वास. आमच्याकडे या दिवसांत हवेत कापूस आणि संत्री असतात. हा वास वेगळाच, ओलसर आणि गोड.

दुसरा दिवस: नवेगावबांध, एकादशी

सकाळी खिडकी उघडली आणि समोर धुक्यात तलाव. डोंगरांनी तिन्ही बाजूंनी कवेत घेतलेला. या डोंगरांना इथले लोक सात बहिणी म्हणतात. हा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं गावात जो तो सांगतो. कोहळी समाजाचं हे कसब: कुठे पाळ, म्हणजे मातीचा बांध, घातली की पाणी थांबेल, हे जमिनीकडे पाहून ओळखणारे लोक. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली इथे असे हजारो तलाव आणि बोड्या, म्हणजे छोटी तळी, आहेत. मालगुजारी, म्हणजे जुनी जमीनदारी, गेल्यावर ते सरकारकडे आले आणि 'माजी मालगुजारी'चं लोकांनी 'मामा तलाव' करून टाकलं. मला ते नाव फार आवडलं. मामाच्या घरी खायला कमी पडत नाही.

पाळीवर चालत गेलो. डोंगे काठाला लागत होते. दोन ढिवर, म्हणजे मासेमार, भाऊ जाळ्यातले मासे सोडवत होते आणि चार-पाच गिऱ्हाइकं उकिडवी बसून वाट पाहत होती. रोहू, कतला, मिरगल, आणि वेगळ्या डबक्यात जिवंत मरळ. आम्हाला वाटलं, ताजे मासे म्हणजे डोळे चमकदार, कल्ले लाल, एवढं पाहायचं. एक भाऊ हसून म्हणाले, "आता पान्यातून काढला जी, कल्ले काय पाहता?" रोहू दोनशे रुपये किलो. मरळ त्याच्या दुपटीहून जास्त, कारण काटे कमी आणि मागणी मोठी.

मासे घेतले तर शिजवायचे कुठे? नवऱ्यानं त्यांनाच विचारलं, "रांधून देणारं कोणी आहे का भाऊ?" त्यांनी पाळीखालच्या वस्तीकडे हात केला. "आमच्या घरी द्या. काकू करून देते. एका किलोमागं रांधनावळ देजा."

एवढंच सोपं होतं. पण हे विचारायला आम्हाला एक दिवस आणि एक जळकी सुरमई लागली. तुम्ही गेलात तर सकाळी साडेसात-आठच्या आत पाळीवर जा. मासे तिथेच निवडा, तिथेच साफ करून घ्या. रांधनावळ आधी ठरवा आणि रोख द्या, कारण फोननं पैसे पाठवायला पाळीखाली रेंज मिळेलच असं नाही. तिखट किती ते आधी सांगा. "मीडियम" म्हणू नका. "लेकरू खाणार आहे" म्हणा, मग बरोबर होतं.

आईंची एकादशी होती. साबुदाणा मी घरून आणला होता, पण तो भिजवायलाही काढावा लागला नाही. रस्त्याच्या कडेला दोन बाया टोपल्या घेऊन बसल्या होत्या आणि टोपल्यांत हिरवे-काळसर, शिंगांसारखे टोकदार शिंगाडे. आईंचं वय सत्तर. शिंगाड्याचं पीठ त्यांनी उभा जन्म खाल्लं, पण ओला शिंगाडा पहिल्यांदा पाहिला. "हे पान्यात येते?" त्यांनी हातात घेऊन फिरवून फिरवून पाहिलं. बाईंनी सांगितलं, की वेल तलावात तरंगते, फळं पाण्याखाली धरतात, आणि तोडायला गळ्याएवढ्या पाण्यात किंवा डोंग्यात बसून जावं लागतं. दिवाळीच्या मागेपुढे सुरू होतो तो थंडीपर्यंत. तिचे हात दाखवले तिनं. बोटांची टोकं काट्यांनी सोललेली. आईंनी भाव केला नाही. दोन किलो घेतले.

कच्चा शिंगाडा कुरकुरीत, किंचित गोड, ओल्या खोबऱ्याच्या जवळचा. पण तलावाचं फळ आहे, कच्चं खायचं तर स्वच्छ पाण्यानं नीट धुऊन, सोलून, आणि दातांनी न सोलता. आम्ही बहुतेक उकडूनच खाल्ले. उकडलेला शिंगाडा मऊ, पिठूळ, रताळ्यासारखा होतो. आईंनी त्यावर मीठ आणि जिरं घातलं आणि म्हणाल्या, "मायी एकादशी आज देवानंच पाह्यली."

दुपारी आम्ही तिघं काकूंच्या घरी. शेणानं सारवलेलं अंगण, कोपऱ्यात चूल, भिंतीवर वाळत घातलेलं जाळं. काकूंनी रोहूचा रस्सा केला होता. त्यात नारळ नाही, खोबरं नावापुरतं. भाजलेला कांदा, लसूण, धने, वाटलेली लाल मिरची, भेदरे (म्हणजे टोमॅटो) आणि आंबटपणाला वाळलेल्या कैरीच्या फोडी. वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर. मरळीचे तुकडे वेगळे, हळद-मीठ-तिखट चोळून तव्यावर. ताटात भाकरी नव्हती. भाताचा डोंगर आणि त्यात मधे खळगा करून रस्सा. आम्ही ज्वारीची माणसं. भात आमच्याकडे शेवटचे दोन घास. इथे भात हेच जेवण. काकूंनी माझा भात पाहिला आणि विचारलं, "बरं नाही काय बाई तुले?"

लेकीनं काटे काढत, बोटं चाटत दोन वेळा भात घेतला. मरळीचा तुकडा हातात धरून म्हणाली, "आई, ही सुरमईहून चांगली आहे." खरी सुरमई तिनं अजून खाल्लेली नाही हे मला माहीत आहे. पण त्या अंगणात मला ते पटलं.

शेवटी काकूंनी एका वाटीत झिंगे दिले. वाळवलेले बारीक झिंगे, तव्यावर भाजून, मिरची-मिठासोबत कुटलेले. थोडेसेच, भाताच्या कडेला. विकत मागितले तर म्हणाल्या, "विकाचे नाही जी, घरचे हायेत." आणि निघताना कागदात पुडी बांधून दिली. पैसे घेतले नाहीत.

संध्याकाळी जवळच्या एका गावात मंडई होती. दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. पाहुणे येतात, दुकानं लागतात, दिवसा दंडार, म्हणजे इथला लोकनाट्याचा खेळ, आणि रात्री नाटक. वडसा म्हणजे देसाईगंजकडच्या नाटक मंडळ्यांचा हाच हंगाम. आम्ही नाटकाला थांबलो नाही, कारण ते रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतं आणि थंडी मी म्हणत होती. पण खाण्याच्या रांगेत दोन तास काढले. कढईतून निघणारी जाड जिलेबी, मुरमुरे-फुटाणे, आलूबोंडा फोडून त्यावर ओतलेला चण्याचा रस्सा. आणि एका आजींकडे तांदळाच्या पिठाचा चिला: पातळ, जाळीदार, मिरचीच्या चटणीसोबत. दहा रुपयांत दोन. त्यांच्या चुलीपुढे गर्दी नव्हती, कारण हा घरोघरी होणारा पदार्थ. मी चार खाल्ले. मंडई कोणत्या गावी कधी, हे छापलेलं कुठे मिळत नाही. चहाच्या टपरीवर विचारा, लगेच सांगतात.

आई मंडईला आल्या नव्हत्या. त्या देवळात भजनाला बसल्या होत्या. आणि आमच्या आख्ख्या सहलीतलं सर्वांत चांगलं जेवण त्यांनी तिथे बसल्या बसल्या शोधलं.

तिसरा दिवस: बारशीचं पारणं आणि गोठणगाव

एकादशी सुटते बारशीला. परगावात पारणं कुठे सोडायचं, हा मला घरून निघाल्यापासूनचा प्रश्न. भजनातल्या एका बाईंनी आईंना विचारलं होतं, "उद्या पारनं कुठी?" आईंनी खोलीचं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "खोलीत काय पारनं होते काय माय? घरी या. सगळेच या."

तर सकाळी साडेआठला आम्ही एका अनोळखी कोहळी घरात, पाटावर. अंगणाबाहेर धानाचे पुंजणे रचलेले, एका बाजूला उसाची मोळी. समोर केळीच्या पानावर वाढलेला भात, आणि त्याचा वास आधी आला, मग भात दिसला. चिन्नोर. भंडाऱ्याच्या चिन्नोरला भौगोलिक मानांकन मिळालंय हे मी वाचलं होतं. पण ज्या घरी तो पिकतो, त्या घरी शिजताना हुंगणं वेगळं. बारीक दाणा, मऊ, थोडा चिकटसर. उत्पन्न कमी येतं म्हणून विकायला दुसरं वाण आणि घरापुरता एका बांधीत, म्हणजे धानाच्या एका वाफ्यात, हा, असं घरधनी सांगत होते.

भातावर लाखोळीची, म्हणजे लाखेची, डाळ. धान उभं असतानाच बांधीतल्या ओलीवर लाखोळी फेकून पेरतात, नांगरट नाही, काही नाही. धान कापलं की खाली ती उगवलेली असते. सोबत वांगं आणि वालाच्या शेंगांची भाजी, कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या आणि गुळाची तांदळाची खीर. कांदा नाही, लसूण नाही. आणि एकाही पदार्थात काही कमी आहे असं वाटलं नाही. काल मी मरळीला डोक्यावर घेतलं होतं. आज त्या कोचईच्या वडीला घेतलं. आंबटगोड, बाहेरून खरपूस, आत पानांचे थर सुटे सुटे.

आईंनी हात धुतल्यावर त्या बाईंच्या पाया पडायला वाकल्या. बाई लहान, आईंपेक्षा दहा वर्षांनी तरी. तिनं मधेच धरलं आणि दोघी तशाच उभ्या राहिल्या. पैशांचं आम्ही काढलंच नाही. लेकीच्या हातून ओटीला आमच्या बगीच्यातली संत्री दिली. गाडीत संत्र्याची पेटी टाकायची सासऱ्यांची सवय होती, ती आईंनी मोडू दिली नाही, त्याचा उपयोग असा झाला. तुम्हीही खेड्यापाड्यात फिरायला निघालात तर आपल्या गावचं काहीतरी सोबत ठेवा. जिथे पैसे देता येत नाहीत, तिथे ते देता येतं.

दुपारी अर्जुनी-मोरगावमार्गे गोठणगावकडे. गाढवी नदीवरचं इटियाडोह धरण इथेच. भोवती जंगल, पाणी निळंशार, माणूस एखादाच. खायला काही नाही, पाणीसुद्धा सोबत न्या. पण आम्ही इकडे आलो होतो ते धरणाजवळच्या तिबेटी वसाहतीसाठी. सत्तरच्या दशकात इथे तिबेटी निर्वासितांना जमीन मिळाली. धानाच्या बांध्यांमधे अचानक प्रार्थनेच्या पताका फडफडताना दिसतात. लेकीला ते स्वप्नातल्यासारखं वाटलं.

वसाहत मात्र सुनसान. कुलपंच कुलपं. एका म्हाताऱ्या बाबांनी चांगल्या मराठीत सांगितलं, "सगळे स्वेटर विकायला गेले." आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. थंडी सुरू झाली की शहरांमधे तिबेटी लोकांचा स्वेटरचा बाजार लागतो, अमरावतीत दरवर्षी आम्ही तिथूनच घेतो. ती माणसं इथलीही असू शकतात हे कधी मनातच आलं नव्हतं. आईंच्या अंगात तोच स्वेटर होता. बाबांनी बाही चिमटीत धरून वीण पाहिली आणि "चांगला आहे" म्हणाले.

एक छोटं दुकान उघडं होतं. थुक्पा मिळेल का विचारलं तर मावशी म्हणाल्या, अर्धा तास थांबा. गरम सुपात हातानं तोडून टाकलेल्या कणकेच्या चकत्या, पालक, मुळा. आईंसाठी वेगळ्या पातेल्यात, नुसत्या भाज्यांचा, लसणाशिवाय. मावशींनी माळेकडे बोट दाखवून स्वतःच विचारलं होतं. आई एरवी परक्या चुलीवरचं खात नाहीत. पण आज वाटी तोंडाला लावली आणि म्हणाल्या, "आपल्या चकोल्यायसारखंच तं हाये." खरंच होतं ते. वरणातल्या चकोल्या आणि थुक्पा, मधे फक्त हिमालय. ज्यांना वसाहत गजबजलेली पाहायची आणि मोमो खायचे, त्यांनी उन्हाळ्याच्या तोंडाशी यावं, तोवर बरेच लोक परतलेले असतात.

चौथा दिवस: वडसा, पवनी, घर

परतीला वेगळा रस्ता धरला. वडसा, मग लाखांदूरवरून पवनी. वडशाच्या बसस्टँडसमोर सकाळी पोहे-चणा खाल्ला. चांगला होता. यापेक्षा सांगण्यासारखं काही नाही.

पवनीला नदीचे जुने दगडी घाट आहेत आणि गावाला प्राचीन कोटाची तटबंदी. घाटावर बसून पारण्याच्या घरून मिळालेली शिदोरी सोडली: उरलेल्या कोचईच्या वड्या, आणि आमच्या तिघांसाठी काकूंच्या झिंग्यांची पुडी. आई चार पायऱ्या वर सरकून बसल्या. झिंग्यांचा वास त्यांना सोसत नाही, पण नको असं एकदाही म्हणाल्या नाहीत. बाजारात भिवापुरी मिरची घेतली. भिवापूर इथून जवळच. गडद लाल, बुटकी. रंग भरपूर. दुकानदारानं देठासकट घ्यायला सांगितलं, टिकते म्हणून.

चिन्नोर मात्र बाजारातून घेतला नाही. पारण्याच्या घरूनच दहा किलो आणला होता, घरधन्यांनी सांगितलेल्या भावानं. याचे पैसे त्यांनी घेतले, कारण हा त्यांचा माल होता. तुम्हीही शेतकऱ्याकडूनच घ्या. बाजारात चिन्नोर म्हणून काय देतील याची खात्री नसते. आणि नवा तांदूळ असेल तर पाणी कमी घाला, नाहीतर गिचका होतो.

रात्री दहाला घरी पोहोचलो. सगळे थकलेले. मी म्हटलं खिचडी टाकते. आई म्हणाल्या, "थांब," आणि स्वतः पिशवी सोडली. वाटीभर चिन्नोर धुतला, पाणी बोटाच्या पेरानं मोजलं, पुन्हा थोडं काढून टाकलं. लेक ओट्याजवळ उभी. भाताला पहिली उकळी आली तशी ती डोळे मिटून म्हणाली, "नवेगाव."

मग विचारलं, "पुढच्या एकादशीला जायचं?"

"शिंगाडे सरले नसतीन तं जाऊ," आई म्हणाल्या, आणि झाकण ठेवलं.